शेजारच्या गाडीतला माणूस

मोटारशर्यतीच्या संगणकखेळांत दोन घराणी आहेत, आणि दोघांचे चाहते एकमेकांना नाकं मुरडतात. एकीकडे ‘फोर्झा होरायझन’सारखे खुल्या जगातले खेळ. 2018 साली आलेल्या त्याच्या चौथ्या भागात ब्रिटन आटोपशीर करून मांडलंय. एडिंबराचे रस्ते आहेत, ग्लेनफिननचा कमानींचा रेल्वेपूल आहे, आणि हिवाळा आला की डरवेंटवॉटर तळं असं गोठतं की त्याच्यावरून खुशाल गाडी हाकावी. दुसरीकडे 2008 साली सुरू झालेलं ‘आयरेसिंग’. इथले बहुतेक ट्रॅक लेसरने मोजून घेतलेले. खऱ्या डांबराचा उंचवटा हातातल्या स्टिअरिंगला जाणवतो.

वाद नेहमी ‘खरं’ कुठलं यावर होतो. टायर, वजन, ब्रेक. तो वाद चालू राहो. मला या दोन्हींतला मोठा फरक रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाशी आपलं नातं काय, इथे दिसतो.

होरायझनमध्ये मोकळं भटकताना समोरून अनोळखी खेळाडू आला, तर त्याची गाडी आपल्या गाडीतून आरपार निघून जाते. ना ओरखडा, ना आवाज. हे मुद्दामच केलंय आणि योग्यच केलंय, नाहीतर टवाळखोरांनी कुणालाच सुखाने फिरू दिलं नसतं. एकट्याने खेळताना कुंपणावर आदळलात, तर एक बटण दाबून काळ मागे घेता येतो. दिवसभर राबून आलेल्या माणसाला असं बिनघोर हिंडणं हवंच असतं. पण त्यात दुसरा माणूस झाडा-डोंगरांसारखा देखाव्याचा भाग होऊन जातो.

आयरेसिंगमध्ये काळ मागे जात नाही, आणि शेजारची गाडी लोखंडाची असते. तिथला एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. ट्रॅक सोडून बाहेर गेलात की 1 दोषांक, ताबा सुटून गाडी गरगरली की 2, आणि दुसऱ्या गाडीशी जोराची टक्कर झाली की 4. हे 4 दोघांनाही मिळतात. चूक कुणाची, हे यंत्र विचारतच नाही. किती वळणं घेतलीत आणि त्यात किती दोषांक झाले, यावर तुमचं सुरक्षेचं मानांकन ठरतं, आणि नवख्याच्या परवान्यावरून वरच्या वर्गात जायचं की नाही, तेही मुख्यतः त्यावर.

नव्या खेळाडूंचा संताप समजण्यासारखा आहे. सुक्याबरोबर ओलंही जळतं, हा कुठला न्याय? तरीही मी या नियमाच्या बाजूने आहे.

लगुना सेका या कॅलिफोर्नियातल्या ट्रॅकवरचं ‘कॉर्कस्क्रू’ वळण पाहा. चढ संपतो, पुढचा रस्ता दिसेनासा होतो, आणि डावी-उजवी घेत गाडी सुमारे 18 मीटर खाली उतरते. नवख्यांच्या शर्यतीत इथे दोन माझदा मियाटा जोडीने येतात. आतल्या बाजूच्याने ब्रेक उशिरा दाबला. पुढची चाकं घसरू लागली, स्टिअरिंग हातात एकदम हलकं पडलं. आता तो बाहेरच्या बाजूला वाहवत येणार. चूक शंभर टक्के त्याची. पण बाहेरच्याला हे सगळं काचेतून दिसतंय. एक गाडीभर जागा सोडायला त्याच्याकडे क्षणभर का होईना, वेळ आहे. जागा सोडली तर दोघेही उतार उतरून पुढे जातात. ‘वळण माझंच आहे’ म्हणून अडून बसला, तर दोघेही वाळूत, आणि खाती 4-4.

दोष ठरवत बसणारा नियम असता, तर बाहेरच्याला जागा सोडायचं कारणच उरलं नसतं. धडक बसल्यावर आपली बाजू मांडली की झालं. हा नियम त्याला धडकेच्या आधी विचार करायला लावतो. म्हणूनच इथे मुरलेले खेळाडू पहिल्या वळणाला आपल्या नेहमीच्या खुणेच्या जरा आधी ब्रेक लावतात, कारण टायर अजून थंड असतात आणि पुढचा कधी बिचकेल याचा नेम नसतो. त्यात एखाददुसरी जागा जाते. ती मिळवायला पुढे अख्खी शर्यत पडलेली असते.