मनूची भीती

गेल्या काही वर्षांत शहरी, शिकलेल्या, कर वेळेवर भरणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी एक वाक्य पक्कं बसलं आहे: नगरसेवक नव्हते तेव्हा बरं चाललं होतं. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली. काही शहरांत ती आधीच संपली होती, काहींत पुढे संपली, आणि बहुतेक महापालिका प्रशासकांच्या हाती गेल्या. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं राज्यघटना सांगते. पण ओबीसी आरक्षणाचा वाद आणि मुंबईत प्रभाग २२७ की २३६ हा घोळ न्यायालयात रेंगाळत राहिला. तीन वर्षांहून अधिक काळ आपली महानगरं कुणीच निवडून न दिलेल्या माणसांनी चालवली. याहून नवलाची गोष्ट म्हणजे काही चुकतंय असं फारसं कुणाला वाटलंच नाही.

माझे एक व्यासंगी स्नेही तर या सोयीचं तत्त्वज्ञान करून मोकळे झाले. एका व्याख्यानात त्यांनी महासभेतला सगळा तमाशा मांडला: राजदंड पळवणं, विषयपत्रिका फाडणं, तहकुबीवर तहकुबी, आणि पडद्यामागची टक्केवारी. उलट बाजूला एक खंबीर अधिकारी, एक सही, काम फत्ते. आधाराला त्यांनी महाभारतातलं शांतिपर्व काढलं. दंड नसेल तर मोठा मासा धाकट्याला गिळतो. मत्स्यन्याय नको असेल तर हात एकाचाच हवा. भरपूर टाळ्या पडल्या.

माझी तक्रार एवढीच, की स्नेही मासा खाऊन ताटावरून उठले. पुढे काय वाढून ठेवलं होतं ते त्यांनी पाहिलंच नाही.

शांतिपर्वाचा ६७वा अध्याय माशांपाशी संपत नाही. एकमेकांना गिळून थकलेले लोक आधी स्वतःच एकत्र येतात आणि करार करतात. जिभेने घाव घालणारा, हात उगारणारा, परस्त्रीच्या मागे लागणारा, दुसऱ्याचं लुबाडणारा, यांना आपल्यातून काढून टाकायचं. म्हणजे या कथेत राजाच्या आधी सभा आहे. ती कशीबशी चालते, पुरी पडत नाही, आणि मग लोक ब्रह्मदेवाकडे जाऊन धनी मागतात. ब्रह्मदेव मनूचं नाव काढतो. मनू काय म्हणतो? नको. पापकर्माची मला भीती वाटते. राज्य चालवणं अवघड, आणि सदा खोटं वागणाऱ्या माणसांवर चालवणं तर फारच अवघड.

राज्यसंस्थेची कुळकथा सांगणाऱ्या या अध्यायात पहिल्या राजाचं पहिलं उत्तर नकाराचं आहे. ही कथा ऐकतो आहे युधिष्ठिर, जो युद्ध जिंकून रानात जायला निघाला होता. भावांनी समजावलं, द्रौपदीने तर, तुझे भाऊ वेडे नसते तर त्यांनी तुलाच बांधून ठेवलं असतं, इथवर सुनावलं. सत्तेला भ्यालेल्या माणसाला भीष्म सत्तेला भ्यालेल्या माणसाची गोष्ट सांगतो आहे. आमचे स्नेही ती न भ्यालेल्यांच्या कौतुकासाठी वापरतात.

पुढची घासाघीस तर सगळ्यात मोलाची. लोक मनूला म्हणतात, भिऊ नकोस, पाप ज्याचं त्याला लागेल. वर देऊ करतात: जनावरं आणि सोनं यांचा पन्नासावा भाग, धान्याचा दहावा, आणि तुझ्या रक्षणाखाली आम्ही जो धर्म करू त्याच्या पुण्याचा चौथा हिस्सा. पुण्यावर चौथाई, पापाची मात्र माफी! हे ऐकल्यावर मनू मोठं सैन्य घेऊन बाहेर पडतो. त्याची भीती कुणी दूर केली? ज्यांच्यावर तो राज्य करणार होता, त्यांनीच.

आजचा करदाता अक्षरशः हाच करार करतो. प्रशासकाच्या काळात प्रस्ताव प्रशासनाचा, स्थायी समितीचे अधिकार प्रशासकाचे आणि महासभेचेही त्याचेच. मुंबईचा २०२५-२६चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प आयुक्तांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने मांडला आणि आयुक्तांनीच प्रशासक म्हणून स्वीकारला. रस्ता चांगला झाला तर पुण्य खंबीर नेतृत्वाचं. खड्ड्यात दुचाकी गेली तर पाप ठेकेदाराचं, पावसाचं, फार तर दुचाकीवाल्याचं. बदलीचा आदेश आला की ओझं टेबलावर आणि माणूस पुढच्या शहरात. नगरसेवक कितीही नाठाळ असो, नळाला पाणी आलं नाही तर सकाळी त्याच्या दारात बायका उभ्या राहतात. त्या दाराला घाबरूनच तो पुष्कळदा सभागृहात आरडाओरडा करतो. त्या आरड्याओरड्यातला निदान काही भाग हे उत्तरदायित्व असतं, फक्त त्याचा आवाज कानाला गोड लागत नाही.

भीष्मालाही हा करार पचलेला नाही. शांतिपर्वातच तो सांगतो, की जो राजा रक्षण करत नाही त्याच्याकडे प्रजेच्या पापाचा चौथा हिस्सा जातो. लोकांनी दिलेली माफी तो परत घेतो.

शांतिपर्वानंतर अनुशासनपर्व येतं. १९७५च्या जूनमध्ये आणीबाणी आली तेव्हा पवनारला मौनात असलेल्या विनोबांच्या नावे हाच शब्द बाहेर पडला आणि सरकारने तो हातोहात उचलला. गाड्या वेळेवर, कार्यालयं वेळेवर, अनुशासनाचा सुकाळ. डिसेंबरात मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की अनुशासन आचार्यांचं असतं, सत्ताधाऱ्यांचं ते शासन. त्या महिन्यातच कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण केंद्रात मंत्री असताना, अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली. संमेलनाच्या नेटक्या कार्यक्रमपत्रिकेत ती प्रार्थना बसणारी नव्हती, म्हणजे सरकारी व्याख्येने तो गोंधळच. विनोबांविषयी माझ्या मनात आदर आहे, पण खुलासा पोहोचेपर्यंत शब्द भिंतीवर चिकटलेला असतो. आणि ज्या पर्वाचं नाव त्या भिंतींवर मिरवत होतं, त्याच पर्वात एक जळजळीत उपदेश आहे: मी तुमचा रक्षक आहे असं सांगून जो रक्षण करत नाही, त्या राजाला प्रजेने एकजुटीने, पिसाळलेल्या कुत्र्यासारखं मारावं. हिंसेचं समर्थन मी करणार नाही. पण पोस्टर छापणाऱ्यांनी पर्व वाचलं नव्हतं, एवढं नक्की.

इथवर वाचणाऱ्याला मी नगरसेवकांचा वकील वाटेन. गोंधळ झिंदाबाद, एवढं म्हणून थांबणं मला सोपं होतं. पण महाड आडवं येतं.

मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला. ठराव वहीत राहिला, तळं होतं तसंच राहिलं. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. गाव चवताळलं, परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या, मग तळ्याचं शुद्धीकरण झालं. आता सांगा, त्या दिवशी सुव्यवस्था कुठे होती? मंजूर ठरावावर चालत जाणारे लोक कायद्यात होते. शांत, सोवळं, शिस्तीचं गाव कायद्याबाहेर होतं.

हा माझ्या बाजूचा पुरावा झाला. विरुद्ध बाजूचा पुढे आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. रीतसर, सभा भरवून. तेव्हा सभागृह भरलं की मत्स्यन्याय संपला, असं मानायचं कारण नाही. माशांना बहुमताने गिळता येतं. मग डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळली गेली. वर जो घाबरला तो मनू कथेतला. या ग्रंथाला मात्र कसलीच भीती नाही. कोणी कुठे बसावं, काय शिकावं, काय खावं, सगळं ठरलेलं. सुव्यवस्था हेच अंतिम मूल्य असेल तर इतकी सुव्यवस्थित रचना शोधून सापडणार नाही, हे ‘शिस्त हवी’ म्हणणाऱ्यांनी एकदा मनाशी घोळवून पाहावं.

त्याच डिसेंबरात न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम होता. आंबेडकरांनी पुन्हा तळ्यावर जाणं थांबवलं आणि दावा लढवला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाजूने लागला तो १९३७ मध्ये. दहा वर्षं! नगरपालिका उघडत होती तोवर नगरपालिका, ठराव मेला तेव्हा रस्ता, हुकूम आला तेव्हा न्यायालय. एकाही दारावर त्यांनी आंधळा भरवसा टाकला नाही.

म्हणून २५ नोव्हेंबर १९४९चं त्यांचं भाषण अर्धं उद्धृत केलं की मला राग येतो. सत्याग्रह, असहकार ही अराजकाची भाषा आहे, एवढं सगळ्यांना पाठ. संविधानाचे मार्ग मोकळे असतील तर, ही अट आणि मार्गच उरले नव्हते तेव्हा त्या साधनांचं समर्थन होतं, ही कबुली मात्र गाळली जाते. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशाराही त्याच भाषणात आहे. तोही खंबीर हातांच्या चाहत्यांना आठवत नाही.

तेव्हा गोंधळ की सुव्यवस्था, हा माझ्या स्नेह्यांचा प्रश्न मला आता खोटा वाटतो, आणि मीही त्याच्या एका टोकाला उभा राहून पुष्कळ शाई खर्च केली. खरा प्रश्न असा, की एखादा निर्णय चुकला तर त्याचा जाब मागायला किती दारं उघडी आहेत. नगरपालिका हे त्यातलं एक दार. ते किडकं असतं, विकलं जातं, कधी बहुमताच्या जोरावर तोंडावर आपटलं जातं. पण ते काढून टाकल्याने उरलेली दारं मजबूत होत नाहीत. फक्त आतल्या माणसाला बाहेरचा आवाज कमी येतो.

सत्ता हे ओझं आहे, असं सत्तेवरचे लोक वरचेवर सांगतात. ओझं तेव्हाच जाणवतं जेव्हा कुणीतरी ते वजन करून बघतं. म्हणून निवडून आलेल्या सभागृहाने पहिल्या काही महिन्यांत एकच काम केलं तरी मला पुरेल: प्रशासकाच्या काळातल्या प्रत्येक मोठ्या सहीचा हिशेब मागावा. गोंधळ होईल, कामकाज तहकूब होईल, राजदंडही पळवला जाईल, आणि त्या गोंधळात काही नगरसेवक आपली जुनी टक्केवारीही दडवून घेतील. तरी चालेल. उद्या सहीला बसणाऱ्याच्या मनात पापाचा वाटा आपल्याकडेही येतो एवढी धास्ती बसली पाहिजे. मनूची ती भीती आपणच घालवली होती. ती परत बसवणंही आपल्याचकडे आहे.