पऱ्हाटीच्या पेशीतलं दार

वर्धा जिल्ह्यात कपाशीचं बोलणं भाव, पाऊस आणि बोंडअळी यांभोवती फिरतं. साहजिकच आहे, घर त्यावर चालतं. पण एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटच्या रुईचं नाव झालं ते धाग्यामुळे, आणि हा धागा मुळात आहे काय, हे आपण क्वचितच विचारतो. सरकीवरचा प्रत्येक तंतू म्हणजे एकच पेशी. फूल उमललं की ती सरकीच्या सालीवरून वाढू लागते आणि साधारण तीन आठवड्यांत अडीच-तीन सेंटिमीटर लांब होते. गांधीजी 1936 साली सेगावात राहायला आले, पुढे तेच सेवाग्राम झालं. तिथल्या चरख्यांवर कातलं गेलेलं सूत हे अशाच पेशींचं.

ही पेशी ताणली जाते पाण्याच्या दाबाने. पेशीत पोटॅशियम आणि शर्करा साठली की पाणी त्यांच्या मागोमाग आत शिरतं. पोटॅशियम कमी पडलं, तर धागा आखूड राहतो.

मुळांत आणि पानांत या पोटॅशियमसाठी खास दारं असतात. ती प्रथिनांची बनलेली असतात, त्यांना पोटॅशियम वाहिन्या म्हणतात. पहाटे उजेड पडला की पर्णरंध्राच्या दोन्ही रक्षक पेशी हायड्रोजनचे आयन बाहेर ढकलतात. आतला विद्युतभार ऋण होतो, वाहिन्या उघडतात, पोटॅशियम आत येतं, पेशी फुगतात आणि त्यांच्यामधलं रंध्र उघडतं. रान तडकलं की उलट घडतं. ताणाचं संप्रेरक वाढतं, वेगळ्या वाहिन्यांतून पोटॅशियम बाहेर जातं आणि रंध्र मिटतं. वैशाखाच्या उन्हात झाड तग धरतं ते या उघडझापीवर.

या दाराची घडण मला सर्वांत विलक्षण वाटते. चार उपघटक एका पोकळीभोवती उभे असतात आणि पोकळीच्या सर्वांत अरुंद भागात एक गाळणी असते, जेमतेम सव्वा नॅनोमीटर लांबीची. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान, तरी तो इथून जात नाही. मोठा जातो आणि लहान अडतो, हे पटायला अवघड आहे. कारण असं, की आयन पाण्यात असताना पाण्याचे रेणू त्याला लपेटून असतात. गाळणीत शिरायचं तर ते सोडावे लागतात. गाळणीच्या कडेचे ऑक्सिजन अणू अशा अंतरावर मांडलेले आहेत, की पोटॅशियमला पाण्याची उणीव भासत नाही. सोडियम लहान पडतो, त्या अणूंपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून तो पाणी सोडायला तयार नसतो.

नीट पारखायचं तर वेळ लागणार, असं आपण धरून चालतो. खरेदी केंद्रावर ग्रेडर ओलावा आणि धागा बघतो तेव्हा गाड्यांची रांग लागतेच. पेशीच्या दारात मात्र पारख आणि वेग एकत्र नांदतात. वेगवान वाहिनीतून सेकंदाला जवळपास दहा कोटींपर्यंत आयन जाऊ शकतात, कारण गाळणीत एकामागे एक उभे असलेले आयन समान भारामुळे एकमेकांना पुढे लोटतात. चोख निवड म्हणजे संथ काम, हा आपला समज त्या मापात टिकत नाही.

गाळणीची ही रचना शास्त्रज्ञ रॉडरिक मॅकिनन यांनी 1998 साली दाखवली, त्यासाठी 2003 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. त्यांनी वापरलेलं प्रथिन मातीतल्या एका जिवाणूचं होतं. पहिल्या पावसाचा मातीचा वास ज्या कुळातल्या जिवाणूंमुळे येतो, त्यातलाच हा एक. ग्लायसिन, टायरोसिन, ग्लायसिन ही गाळणीतली अमिनो आम्लांची ओळ त्या जिवाणूत आहे, झाडांच्या वाहिन्यांत आहे आणि माणसाच्या हृदयातही आहे. शेतकऱ्याच्या छातीतला प्रत्येक ठोका संपून स्नायू सैल पडतो तो अशाच दारांतून पोटॅशियम बाहेर गेल्यावर. माती, पऱ्हाटी आणि माणूस यांचं नातं सांगणाऱ्या पुष्कळ गोष्टी आपण ऐकतो. इतकं पक्कं नातं मला दुसरं माहीत नाही.

म्हणून पालाशाकडे, म्हणजे खतातल्या याच पोटॅशियमकडे, होणारं दुर्लक्ष खटकतं. काळ्या मातीत पालाश भरपूर, हा समज जुना आणि बराचसा खरा. पण दरसाल पीक घेत राहिलं की साठा उतरतो, आणि भरघोस बोंडं एकदम लागली की झाडाची मागणी वाढते. पानं लाल पडण्यामागे मॅग्नेशियम, नत्र, थंडी, पाण्याचा ताण अशी अनेक कारणं असतात. पालाशाची कमतरता हेही त्यांतलं एक. दुकानात मात्र युरिया आधी उचलला जातो. पोटॅश खतासाठी आपला देश जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे, तेव्हा ते अंदाजाने टाकणंही परवडणारं नाही. यंदा खत भरण्याआधी मातीची तपासणी करून घ्या, आणि अहवालात नत्र-स्फुरदाच्या पुढचा, पालाशाचा आकडाही वाचा.