पुस्तक वाचलं

गावोगावच्या ग्रंथालयांच्या भिंतींवर एक वाक्य हमखास रंगवलेलं असतं : ‘वाचाल तर वाचाल’. पहिलं ‘वाचणं’ अक्षरांचं, दुसरं जिवाचं. वाक्य वाचकाला उद्देशून आहे. आज ते पुस्तकाच्या बाजूने लावून पाहू. पुस्तक कधी वाचतं? कुणी वाचलं तर. जुन्या पुस्तकाची पानं कापून, रंगवून, त्यावर कात्रणं चिकटवून नवं पुस्तक घडवण्याची एक कला आहे. तिचं मर्म मला या एका क्रियापदात सापडतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडसारख्या गावात जुन्या पुस्तकाच्या वाट्याला काय येतं? धानाचा, तळ्यांचा, जंगलाचा हा मुलूख. पावसाळ्यात पेटीतली पुस्तकं ओल धरतात, मग त्यांना वाळवी लागते. त्यातून सुटलेली रद्दीच्या तराजूत जातात आणि तिथून पुड्यांत. विदर्भातल्या कितीतरी घरांत बायका रद्दी भिजवून, मेथ्या घालून कुटत आणि पालथ्या भांड्यावर लगदा थापून टोपल्या करीत. त्या टोपलीत कागद वाचला, शब्द गेला. कपाटात कुलपाआड ठेवलेल्या पुस्तकाचं उलटं होतं. तिथे शब्द शाबूत असतात, पण त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही. कागदही राहील आणि शब्दही बोलता राहील, अशी तिसरी वाट आहे का?

लंडनचा चित्रकार टॉम फिलिप्स त्या वाटेने पन्नास वर्षं चालला. १९६६ मध्ये पेखम राय भागातल्या फर्निचरच्या एका वखारीत त्याने तीन पेन्सांना एक जुनी कादंबरी घेतली : डब्ल्यू. एच. मॅलॉक यांची १८९२ सालची ‘अ ह्यूमन डॉक्युमेंट’. तिचं एकेक पान घेऊन तो मजकुरावर चित्र काढी आणि मोजके शब्द तेवढे उघडे ठेवी. त्या शब्दांना जोडायला छपाईतल्या कोऱ्या जागांच्याच बारीक पायवाटा. शब्द सगळे मॅलॉक यांचे, पण त्यातून निघालेली गोष्ट फिलिप्सची. मूळ नावालाच घडी घालून त्याने पुस्तकाला नाव दिलं ‘अ ह्युम्युमेंट’. त्याचा नायक टोज हाही मूळ पानांतच दडलेला होता. ‘टुगेदर’ आणि ‘ऑलटुगेदर’ या शब्दांच्या पोटातली चार अक्षरं म्हणजे त्याचं नाव. म्हणून जिथे ते शब्द येतील तिथेच तो अवतरतो. पुस्तक छापून आल्यावरही फिलिप्स थांबला नाही. जुनी पानं नव्याने करत राहिला, ते थेट २०१६ च्या अखेरच्या आवृत्तीपर्यंत.

आता विचार करा, विस्मरणात गेलेली ही कादंबरी इतक्या बारकाईने दुसऱ्या कुणी वाचली असेल? शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण नेमकं शीत वेचायचं तर आधी सगळा भात चाळावा लागतो. पानावरचे पाच शब्द राखायचे म्हणजे उरलेला प्रत्येक शब्द निरखून बाजूला सारायचा. राखलेले शब्द दोन्ही अर्थांनी वाचलेले शब्द असतात.

हा खेळ मराठीत वेगळ्या रंगाने रंगतो. ‘आठवणी’ या शब्दात ‘आठ’ आहे आणि शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातलं ‘वणी’ही आहे. मात्र देवनागरीत सगळा शब्द एका शिरोरेषेखाली नांदतो. मधूनच कापला की रेषा तुटलेली दिसते. ती दिसू द्यावी. हा शब्द कुठल्या घरातून आला, याची ती खूण आहे.

पानाला पाठही असते. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेल्या ‘आवाज’ या दिवाळी अंकातली खिडकीचित्रं मराठी वाचकाला हेच शिकवून गेली. पानाला खिडकी कापलेली. तिच्यातून मागच्या पानाचा तुकडा दिसतो, मन झटकन काहीतरी धरून बसतं आणि पान उलटताच खरं चित्र वेगळंच निघतं. वाळवीने पाडलेल्या भोकातूनही खालच्या पानावरचा एखादा शब्द असाच वर डोकावतो. पोखरलेलं पुस्तक फेकण्याआधी त्या भोकातून एकदा पाहावं.

हाताने करायचं काम सोपं आहे, पण सबुरीचं. शिवलेल्या बांधणीचं पुस्तक निवडावं. चिकटकामाने पुस्तक फुगतं, म्हणून अधूनमधून एखादं पान शिवणीजवळ बोटभर पट्टी ठेवून कापून घ्यावं. खिडकी करायची तर चार-पाच पानं एकत्र चिकटवून जाडी आणावी. चिकटवायला खळ उत्तम. पाकिटाला भाताचं शीत लावणाऱ्या या धानाच्या मुलखाला ते सांगायला नको. पुस्तकं बांधणारे कारागीर कीड लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालत. ते विषारी असतं, मुलांच्या हाती देऊ नये. खळ लावल्यावर पुस्तक वजनाखाली ठेवून वाळू द्यावं.

कात्री उचलताना मात्र हात अडखळतो. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणारी आपण माणसं. ‘नागभीड’ या शब्दातला ‘नाग’ रंगाने झाकून पाहा, मागे ‘भीड’ उरते. ही भीड या कलेची वैरीण नव्हे, तीच तिची राखणदार आहे. अभ्यासक्रम बदलल्यावर पडून राहिलेली मार्गदर्शकं, जुन्या कायद्यांच्या पुस्तिका, ज्यांच्या प्रती सर्वत्र मिळतात ती पुस्तकं खुशाल घ्यावीत. हस्तलिखित पोथी, दंडार या लोकनाट्याची वही, या मुलखातल्या झाडीपट्टीच्या नाटकाची संहिता, इथल्या झाडीबोलीतलं छोटेखानी पुस्तक यांना कात्री लावू नये. हातातली प्रत कदाचित शेवटचीच असेल.

याच मुलखातल्या जंगलातला बांबू बल्लारपूरच्या कारखान्यात जाऊन कागद होत आला आहे. म्हणजे पुस्तकाचं पान होणं हाच त्याचा दुसरा जन्म. तिसरा द्यायचा तर तेवढ्या आदराने द्यायला हवा. म्हणून कापायला बसण्याआधी ते पुस्तक एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं. कधी कधी निम्म्यातच कात्री बाजूला राहील आणि आपण वाचतच जाऊ. तसं झालं तर हळहळ नको. पुस्तक वाचलं.