अंश आणि अंशी

मुलुंडच्या एका इस्पितळांत आमच्या स्नेह्याच्या तरुण भाच्यास अपघातानंतर आणलें होतें. मस्तिष्कस्तंभ, म्हणजे श्वास चालविणारा मेंदूचा तळचा भाग, मृत झाला आहे, तरी अवयवदानाचा विचार करावा, असें डॉक्टर म्हणाले. आई म्हणाली, "हात ऊन आहे, छाती हलते आहे; माझा मुलगा गेला असें कोणत्या तोंडानें म्हणूं?" स्नेही आम्हांस म्हणाले, "तुम्ही शिकलेले. तुम्हीच तिला समजवा." आम्ही गप्प राहिलों.

आईचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. छाती यंत्रानें हलते, असें म्हणून आपण मेंदूकडे बोट दाखवितों. पण मेंदूची गोष्ट तरी काय आहे? १९६६ सालीं लंडनमध्यें यामामोटो व मॅकिल्वेन यांनीं गिनीपिगच्या मेंदूच्या पातळ चकत्यांतील विद्युत्क्रिया नोंदविली. पुढें ही रीत रूढ झाली. अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ चकती प्राणवायु सोडलेल्या क्षारद्रावांत ठेवावयाची आणि सूक्ष्म टोकाची काचेची नळी पेशीस लावावयाची. विश्रांत पेशीच्या आंतबाहेर सुमारें ७० मिलिव्होल्टांचा फरक असतो. तो क्षणभर उलटतो आणि एक-दोन मिलिसेकंदांत स्पंद उमटून जातो. प्राणी केव्हांच मेलेला असतो. पेशी मात्र कित्येक तास स्पंद देत राहते. मग ठिणगी आहे तेथें जीवात्मा आहे, असें मानावें काय?

याचें उत्तर अपस्माराच्या शस्त्रक्रियेंत सांपडतें. औषधांस न जुमानणाऱ्या अपस्मारांत मेंदूचा विकृत भाग कधीं कधीं कापून काढतात, आणि रोग्याच्या संमतीनें त्याच्याही अशा चकत्या तपासल्या जातात. इकडे रोगी शुद्धीवर येऊन घरच्यांशीं बोलत असतो. तिकडे त्याच्याच पेशी स्पंद देत असतात. म्हणून माणसें दोन झालीं, असें कोणी म्हणणार नाहीं. माणूसपण एकेका पेशींत नाहीं. तें पेशींच्या एकत्र नांदण्यांत आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, हें नागसेनानें मिलिंद राजास दाखविलें, तें हेंच.

१९९४ चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा प्रथम ज्या तीन राज्यांस लागू झाला त्यांत महाराष्ट्र होता. प्रत्येक पेशी मेली काय, असें तो विचारीत नाहीं. मस्तिष्कस्तंभाचें सर्व कार्य कायमचें थांबलें काय, एवढेंच विचारतो. तेंही चार डॉक्टरांच्या मंडळानें, किमान सहा तासांच्या अंतरानें दोनदां तपासून सांगावयाचें असतें.

तेव्हां त्या माउलीस म्हणावयाचें होतें तें एवढेंच: "ताई, हाताची ऊब खोटी नाहीं; ती जीवाचीच आहे. पण ती आतां त्याची राहिलेली नाहीं. दुसऱ्या कोणाची मात्र होऊं शकेल." तिनें नकार दिला. तिला दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. शोकाचा मान राखण्यासाठीं आपण गप्प बसलों, असें आम्ही त्या रात्रीं मनाशीं म्हणत होतों. खरें पाहतां आमचाच विचार झालेला नव्हता. तो घरोघर, सर्वजण धडधाकट असतांनाच झालेला बरा.