न्यूट्रॉनची चाहूल

शेंद्र्याच्या एमआयडीसीत सकाळची पाळी लागली की कुठे गिअर कापले जातात, कुठे वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात. जोड वरून गुळगुळीत दिसतो; आत धातूत किती ताण राहून गेला, त्याचा पत्ता लागत नाही. नेहमीच्या क्ष-किरणांनी तो मोजायला जावं, तर ते पोलादाच्या पृष्ठभागापाशीच अडतात. न्यूट्रॉन मात्र काही सेंटिमीटर आत जाऊन येतो आणि अणूंच्या रांगा किती ताणल्यात ते कळतं. आपल्याकडे असे न्यूट्रॉन ट्रॉम्बेच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत मिळतात. ती 1985 साली सुरू झाली. त्याही आधी भौतिकशास्त्रज्ञ पी. के. अय्यंगार कॅनडात न्यूट्रॉनवर काम करणाऱ्या ब्रॉकहाउस यांच्याकडे काम करून परतले आणि ट्रॉम्बेत या शास्त्राची उपकरणं घरच्या घरी घडू लागली.

पंचाईत अशी, की विद्युतभार नसल्यामुळे न्यूट्रॉन सहज आत शिरतो, आणि त्याचमुळे तो उपकरणाला सापडतही नाही. 1932 साली चॅडविकनं त्याला ओळखलं, ते मेणातून त्यानं उडवलेल्या प्रोटॉनांवरून. आजची रीतही त्याच जातीची: एखाद्या अणुकेंद्रकाला तो गिळू द्यायचा आणि त्यातून उडालेले भारित तुकडे मोजायचे.

या कामाला सगळ्यात सोयीचा वायू हेलियम-3. तो मिळायचा अण्वस्त्रांसाठी बनवलेल्या ट्रिटियमचा क्षय होऊन. शीतयुद्ध संपलं, नवं ट्रिटियम आटलं. त्यात 2001 नंतर अमेरिकेनं बंदरांवर आणि सीमांवर किरणोत्सार हुडकणारी यंत्रं उभारली, साठा त्यांत जाऊ लागला. बॉम्ब कमी झाले म्हणून प्रयोगशाळा अडल्या! यावर हसावं की खंत करावी?

मला खरा रस आहे तो त्यावरच्या उताऱ्यात. उतारा म्हणजे बोरॉन, कॅरमवर भुरभुरायच्या बोरिक पावडरीतला. निसर्गातल्या दर पाच बोरॉन अणूंत साधारण एक बोरॉन-10 असतो, आणि तो न्यूट्रॉन चटकन गिळतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बोरॉन-10च्या कार्बाइडचा लेप द्यायचा. पण लेप जाड झाला तर उडालेले तुकडे आतच अडकतात आणि मोजणी होत नाही. मायक्रॉनभर पातळ ठेवला तर शंभरातले जेमतेम पाचेक न्यूट्रॉन हाती लागतात. फ्रान्समधल्या ग्रेनोबल आणि स्वीडनमधल्या लुंड इथल्या न्यूट्रॉन-प्रयोगशाळांतल्या मंडळींनी मग जाडीचा नाद सोडला आणि पातळ थरच एकामागे एक मांडले, वीस-तीस. एकातून निसटलेला पुढच्या कुठल्यातरी थरात सापडतो. काम किचकट, प्रत्येक पत्र्याच्या दोन्ही बाजूंना सारखा लेप बसायला हवा. हेलियम भरलेली नळी याहून कितीतरी सोपी, म्हणून लहान उपकरणांत अजूनही तीच वापरतात.