रसिक आणि शेजारी

संगीतानुभवाची मीमांसा आपल्या परंपरेत विपुल झाली आहे. पण ती बहुतांशी ऐकणाऱ्याच्या बाजूने झाली आहे. गायक, वाद्य, राग, रस आणि रसिक हे या मीमांसेचे मान्य घटक होत. मंडपाबाहेर, भिंतीपलीकडे, ज्याला ऐकण्याची इच्छा नाही आणि तरीही ज्याच्या कानांवर ते पडतच राहते, असा मनुष्य या मीमांसेत कोठेही येत नाही. आवाज मानवी कंठाच्या आणि हाताच्या ताकदीपुरता मर्यादित होता, तोवर ही उणीव फारशी जाणवली नाही. ध्वनिवर्धक आला आणि त्या बाहेरच्या माणसाची संख्या मंडपातल्या माणसांपेक्षा कितीतरी पटींनी वाढली. ज्या आनंदात आपण सहभागी नाही त्याची किंमत आपण का मोजावी, असे त्याने विचारले तर रसिकाने त्याला काय उत्तर द्यावे, हा प्रश्न मुख्यतः नीतिशास्त्राचा आहे.

युरोपीय विचारात हा प्रश्न एका थोर तत्त्वचिंतकाला फार जवळून भेडसावला होता. कॅन्टचे कोनिग्सबर्गमधील घर तुरुंगाजवळ होते. कैदी मोठमोठ्याने भक्तिगीते गात, आणि त्यामुळे कामात व्यत्यय येतो अशी तक्रार त्याने १७८४ साली नगरप्रमुख हिप्पेल याच्याकडे लेखी केली. सहा वर्षांनंतर, १७९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सौंदर्यमीमांसेच्या ग्रंथात त्याने संगीतावर एक आक्षेप नोंदवला: या कलेत नागरी सभ्यतेची काहीशी उणीव आहे. चित्रावरून नजर वळवता येते. संगीत मात्र, अत्तराचा रुमाल बाहेर काढणाऱ्या माणसाप्रमाणे, शेजारच्यांनाही न विचारता आपल्या कक्षेत ओढते. कॅन्टला शेजारी दिसला; पण ललित कलांत संगीताची पायरी तो खालची मानत असल्यामुळे त्याला ही तक्रार करणे सोपे गेले. ज्याला संगीताचे मोल पुरते ठाऊक आहे आणि शेजाऱ्याचा त्रासही ठाऊक आहे, अशा माणसाची अडचण त्याहून बिकट असते.

असा माणूस शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. रायपूरच्या उत्तरेला, उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींच्या सान्निध्यात बीरगांव आहे. लोखंड-पोलादाच्या गिरण्या, स्पंज आयर्नच्या भट्ट्या आणि त्यांत तीन पाळ्यांनी काम करणारे कामगार, ही या परिसराची ओळख. रायपूरचा मराठीशी संबंध जुना आहे. नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकात छत्तीसगढात स्थिरावली, आणि १९५६ पर्यंत विदर्भ व छत्तीसगढ एकाच प्रांतात, नागपूर या राजधानीखाली होते. तेव्हापासून येथे राहिलेली मराठी कुटुंबे घरात मराठी, कारखान्यात हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी बोलतात. अशा कुटुंबातील एक तरुण कल्पावा. तो गिरणीत पाळीने काम करतो, आणि त्याला वेड आहे ते रॉक संगीताचे. चित्रपटाच्या आणि मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आश्रयाबाहेर, स्वतःची गाणी स्वतः रचून गाणाऱ्या वाद्यवृंदांच्या मागे तो हिंडतो. वर्षातून एकदा रजा साठवून, रायपूरहून आझाद हिंद एक्स्प्रेस पकडून तो पुण्याला येतो.

हे वेड त्याच्या एकट्याचे नाही, आणि पोरकेही नाही. मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनाच्या खुल्या रंगमंचावर १९७८ साली जॅझ यात्रा भरली, आणि १९८६ पासून तेथेच ‘इंडिपेन्डन्स रॉक’ या वार्षिक मैफलीने एका पिढीला आपल्या वयाची भाषा दिली. पुण्यात २०१० साली ‘एनएच ७ वीकेंडर’ हा महोत्सव सुरू झाला. देशाच्या उत्तर-दक्षिण महामार्गाचे नाव घेऊन त्याने निरनिराळ्या प्रांतांतील वाद्यवृंद एका मैदानावर आणले. या मैदानावर बीरगांवच्या तरुणाला काय मिळते? केवळ करमणूक, असे उत्तर देणारा त्याला ओळखत नाही. बास गिटारचा स्वर कानांआधी छातीत वाजतो, ढोलाच्या ठोक्याबरोबर हजारो अनोळखी माणसे एकदम हलतात, आणि परक्याच्या स्पर्शाचे एरवी वाटणारे भय विरून जाते. गर्दीत शिरल्यावर माणूस या भयातून मुक्त होतो, असे एलिआस कॅनेटीने गर्दी आणि सत्ता यांवरील आपल्या १९६० सालच्या ग्रंथात सांगितले आहे. वर्षभर यंत्राच्या तालावर हात हलवणारा मनुष्य येथे दोन दिवस स्वतः निवडलेल्या तालावर सारे शरीर हलवतो. हे श्रेय खरे आहे. ते क्षुल्लक ठरवून शेजाऱ्याची बाजू जिंकता येईल, पण तो विजय अप्रामाणिक असेल.

तरुण बीरगांवला परततो आणि पुन्हा रात्रपाळीला लागतो. सकाळी घरी येऊन, पडदे ओढून तो अंथरुणावर पडतो; आणि अकराच्या सुमारास गल्लीत कोणाच्या तरी वरातीचा किंवा विसर्जनाचा डीजे सुरू होतो. खिडकीची तावदाने थरथरतात. बासचा तोच दणका येथेही छातीत वाजतो. फरक इतकाच की, पुण्यात त्याने तो मागितला होता आणि येथे तो त्याच्यावर लादला गेला आहे. झोप न झालेल्या कामगाराला संध्याकाळी पुन्हा तापलेल्या लोखंडाजवळ उभे राहायचे असते; तेथे डुलकीची किंमत बोटाने किंवा हाताने मोजावी लागू शकते. त्या घटकेला त्याला आठवावे की पुण्यातल्या मैदानापलीकडेही घरे होती, आणि त्यांतल्या एखाद्या खोलीत कोणी असेच कूस बदलत पडले असेल. रसिक आणि शेजारी ही दोन माणसे नाहीत. एकाच माणसाच्या दोन वेळा आहेत.

रात्रभर ऐकणे ही काही पाश्चात्त्यांकडून आलेली चैन नव्हे. छत्तीसगढचा नाचा रात्रभर चाले आणि पंडवानीतले भारतयुद्ध ऐकायला गाव जमे. महाराष्ट्रात जागरण-गोंधळ, तमाशा आणि हरिजागर यांनी रात्री उजाडेपर्यंत पोचवल्या. संगीत नाटकाचा पडदाही कैक वेळा पहाटे पडत असे. मग तेव्हा हा प्रश्न का पडला नाही? त्याची कारणे दोन. त्या आवाजाला अंतर पार करताना थकवा येई. शेवटच्या घरापर्यंत तो पोचला तरी कुजबुजीसारखा पोचे. शिवाय सारा गाव त्या जागरणाला बांधलेला असे, आणि दुसऱ्या दिवशीची विश्रांतीही गावाने मिळून ठरवलेली असे. अर्थात या जुन्या एकोप्याचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही; आजाऱ्याला, बाळंतिणीला, वेशीबाहेरच्या वस्तीला तेव्हा कोणी विचारत असेल असे नाही. परंतु निदान आवाजाची मर्यादा गाणाऱ्याच्या श्वासाने घातलेली होती. ध्वनिवर्धकाने ती मर्यादा काढून घेतली आणि ती घालण्याची जबाबदारी माणसाच्या विवेकावर टाकली. विवेक तिला पुरा पडला नाही, म्हणून कायदा आला.

केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत, बंदिस्त जागा वगळता, ध्वनिवर्धकास मनाई. २००२ च्या दुरुस्तीने वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्यांना. या नियमांवर शिक्कामोर्तब करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १८ जुलै २००५ चा. त्या निकालामागील याचिकेचे निमित्त कोणत्याही रसिकाने विसरू नये असे आहे. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला. तिने मारलेल्या हाका शेजारी लागलेल्या ध्वनिवर्धकावरील गाण्यांत बुडून गेल्या. नंतर तिने स्वतःला जाळून घेतले. तेथे संगीत लावणाऱ्याने काही गुन्हा केला होता असे नव्हे. त्याने फक्त गाणी लावली होती. पण आवाज जेव्हा सारा अवकाश व्यापतो, तेव्हा तो शांततेबरोबर दुसऱ्याची हाकही हिरावून घेतो, हे या प्रसंगाने दाखवले. शांतता ही केवळ झोपणाऱ्याची सोय नव्हे; माणसाला माणसाचे ऐकू येण्याची ती पूर्वअट आहे.

कायदा आवश्यक होता, परंतु तो पुरेसा नाही, आणि हे बीरगांवात जितके कळते तितके अन्यत्र कळत नाही. नियमांनी रात्र घड्याळाने ठरवली. दहा ते सहा या वेळेत निजणाऱ्याची झोप त्यांनी राखली. रात्रपाळी करून सकाळी आठ वाजता निजणाऱ्याची ‘रात्र’ त्यांच्या लेखी दिवसच आहे. नियमांनी परिसरांचीही प्रतवारी केली: निवासी भागात रात्री ४५ डेसिबल, औद्योगिक भागात ७०. डेसिबलचे माप गुणाकाराने वाढते. हा पंचवीसचा फरक ध्वनिऊर्जेच्या हिशेबात तीनशे पटींहून अधिक होतो. कारखान्याच्या कुंपणाला लागून ज्याचे घर आहे त्याला कायदा कोणत्या परिसरातला रहिवासी मानणार, यावर त्याच्या झोपेचा वाटा ठरतो. मुंबईत रुग्णालये आणि महाविद्यालय यांच्या सान्निध्यामुळे रंगभवन शांतताक्षेत्रात आले आणि तेथला रॉक थांबला. पुण्यात भीमसेन जोशींनी १९५३ साली सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्री आखूड झाल्या. पहाटेचे राग पहाटे ऐकण्याचे भाग्य एका पिढीबरोबर संपले. गिरणी मात्र तिन्ही पाळ्या चालते. संगीत थांबवणे सोपे, कारण ते थांबल्याने कोणाचा नफा बुडत नाही, असा अर्थ यातून कोणी काढला तर त्याला सर्वथा चूक म्हणता येणार नाही.

पण या विषमतेमुळे रसिकाची सुटका होत नाही. गिरणी अधिक गोंगाट करते हे त्याच्या गोंगाटाचे समर्थन होऊ शकत नाही. रसविचाराच्या अंगानेच पाहिले तर त्याच्यावरील जबाबदारी अधिक स्पष्ट होते. भट्टनायकाने मांडलेल्या साधारणीकरणाचा आशय असा की, कलानुभवात भाव कोणा एकाच्या मालकीचा राहत नाही. तो ‘माझा’ नसतो आणि ‘परक्याचा’ही नसतो. अभिनवगुप्ताने रसास्वादाची जी विघ्ने सांगितली, त्यांत स्वतःच्या सुखदुःखात पुरते गुरफटून जाणे हे एक आहे. याचा अर्थ असा की, आपल्याच सुखाने विवश झालेला श्रोता शास्त्रदृष्ट्या अजून रसिकच झालेला नसतो. परंपरेने हा विचार मंडपाच्या आत ठेवला. तो उंबरठ्याबाहेर नेण्यास कोणतीही तात्त्विक अडचण नाही. जो सहृदय आहे त्याचे हृदय गायकापुरते आणि शेजारी बसलेल्या रसिकापुरतेच जागे राहावे, आणि भिंतीपलीकडच्या माणसाविषयी मात्र झोपावे, याला आधार कोणता?

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. रॉक हळू वाजवता येत नाही; मोठेपणा हा त्याच्यावर चढवलेला अलंकार नसून त्याचे द्रव्यच आहे. तेव्हा शेजाऱ्याचा विचार करा म्हणणे म्हणजे हे संगीत सोडून द्या म्हणणेच नव्हे काय? आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे, उत्तरार्ध नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली मैफलींच्या जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली, म्हणजे संगीत मोठे असणारच हे गृहीत धरूनच ती सुचवली. आणि तीही ऐकणाऱ्याच्याच कानांसाठी. शेजाऱ्यासाठी प्रश्न मुख्यतः जागेचा, वेळेचा आणि संमतीचा आहे. मैदान वस्तीपासून दूर असावे, भोंग्यांची तोंडे कोणत्या दिशेला आहेत ते पाहावे, ठरलेल्या वेळेला शेवटचे गाणे खरोखरच शेवटचे असावे, आणि आसपासच्या घरांना आधी सांगितलेले असावे. या गोष्टी आयोजकाच्या हाती आहेत हे खरे. परंतु आयोजक तिकीट घेणाऱ्याचे ऐकतो. दहाच्या ठोक्याला ‘आणखी एक’ म्हणून ओरडणारे हजारो कंठ आणि शांतपणे पांगणारे हजारो पाय, यांतले काय निवडायचे हे रसिकाच्याच अधीन आहे. तेवढ्या एका क्षणी तो कोणत्याही कायद्याविना सहृदय असू शकतो.

यातून सारा ताण मिटेल असे नाही. आनंदाला आवाज असतो, आणि दाट वस्तीच्या देशात कोणाचा ना कोणाचा आनंद कोणाच्या ना कोणाच्या झोपेत शिरणारच. जो पूर्ण शांततेचा हट्ट धरतो, त्यालाही शेजाऱ्याच्या लग्नाचे एक दिवसाचे देणे लागते. मागणी आहे ती इतकीच की, हे देणे मागून घ्यावे, लुटून घेऊ नये. आणि घेतल्यावर त्याची जाणीव ठेवावी. बीरगांवचा तो तरुण महोत्सवाहून परततो तेव्हा त्याच्या कानांत अजून गुंजन असते. गाडी रायपूरला लागते, तो घराच्या गल्लीत शिरतो. दिवस बराच वर आलेला असतो, पण शेजारच्या दाराला आतून कडी आहे आणि खिडकीवर जाड चादर ओढलेली आहे. तेथे रात्रपाळीचा कोणी नुकताच निजला आहे. पुण्यात ऐकलेले एखादे गाणे त्याच्या ओठांवर असेलच. ते तो कोणत्या पट्टीत गुणगुणत पुढे जातो, यावर तो पुण्याहून काय घेऊन आला ते कळेल.