निःसंगाचा आधार

एखाद्या वस्तूचें खरें स्वरूप ती एकटी असतां कळतें, कीं इतरांच्या सहवासांत? आमच्याकडे हा प्रश्न वेदान्त्यांचा मानला जातो. पण पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंतही तो येऊन ठेपला आहे, आणि तेथें मिळालेलें उत्तर विरक्तीची थोरवी गाणाऱ्या आम्हां लोकांस कांहींसें अडचणींत टाकणारें आहे.

आर्थर ॲश्किन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७१ मध्यें कांचेची एक बारीक गोळी खालून सोडलेल्या लेसरच्या झोतावर अधांतरीं तोलून दाखविली. प्रकाशास दाब असतो. तो इतका क्षीण कीं उन्हांत उभें राहून कोणास जाणवत नाहीं, पण सूक्ष्म कणास तेवढा पुरतो. पुढें २०२० मध्यें व्हिएन्ना येथें सुमारें १४३ नॅनोमीटर व्यासाची सिलिकाची गोळी, म्हणजे कोट्यवधि अणूंचा समूह, निर्वातांत प्रकाशानेंच धरून तिचें एका दिशेचें स्पंदन पुंजसिद्धान्तास मान्य अशा नीचतम अवस्थेपर्यंत शमविण्यांत आलें. गोळी आंतून मात्र उष्णच होती. अंगांत ताप असूनही ध्यानस्थ बसलेला साधकच म्हणाना!

निर्वात अशासाठीं, कीं हवेचे रेणु गोळीस सतत धक्के देतात. ते काढून टाकले म्हणजे ती निःसंग झाली असें वाटावें. पण तसें होत नाहीं. जो प्रकाश तिला धरून ठेवतो, तोच तिच्यावरून विखुरतांना तिला हिसके देतो. २०१६ मध्यें हे हिसके प्रत्यक्ष मोजले गेले. मौज अशी, कीं गोळी कोठें आहे हें सांगणाराही तोच विखुरलेला प्रकाश. २०२१ मध्यें व्हिएन्ना व झुरिक येथील संशोधकांनीं त्याचीच साक्ष घेऊन, विद्युत्क्षेत्राच्या उलट रेट्यानें विद्युद्भारित गोळीस शांत केलें. प्रकाश मालवून केवळ विद्युत्क्षेत्रानें तिला धरावें, तर ते हिसके टळतात, पण प्रकाशानें येणारी वार्ताही थांबते.

तेव्हां ‘अधांतरीं’ हा शब्दच फसवा. आधार दिसत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. ‘आम्ही कोणाच्या अध्यांत नाहीं, मध्यांत नाहीं’ असें अभिमानानें सांगणारे, पुस्तकांत बुडालेले गृहस्थ आमच्या वर्गांत पुष्कळ आहेत. वेळेवर पुढें येणारें पान कोणी वाढलें, हें त्यांच्या गांवींही नसतें. अरण्यांतील विरक्तासही भिक्षेसाठीं वेशीपर्यंत यावें लागतें. त्यांत उणेपणा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. उणेपणा आहे तो हिशेब न देण्यांत. प्रयोग करणारा आपल्या निबंधांत गोळी कोणत्या किरणानें, किती शक्तीच्या झोतानें धरली हें नोंदवून ठेवतो. विरक्ताच्या चरित्रांत भिक्षा घालणारीचें नांव क्वचितच आढळतें.